कुंपणापासून तिसरं झाड

नागपूरला तेरा महिने राहून आले म्हटल्यावर वाडीत जो तो विचारतो, "काय काय बघितलंस?" मी सांगते, एक संत्र्याचं झाड बघितलं. मग विचारणारा माझ्या वहिनीच्या तोंडाकडे बघतो, की ही बरी आहे ना. तुम्हीही तसंच विचाराल म्हणून हे सगळं लिहून काढते आहे. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

आमची वाडी वेंगुर्ल्याच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. माझा हात स्वयंपाकाला चांगला आहे, पण पाय घराबाहेर टिकत नाही. कोल्हापुरात एका घरी कामाला राहिले, अकराव्या दिवशी परत आले. पणजीला एका हॉटेलात महिनाभर काढला आणि एके सकाळी मसाला वाटता वाटता पिशवी उचलून निघाले. कुणी काही वाईट वागलं नव्हतं. छातीत कुणीतरी ओलं गोणपाट पिळतंय असं व्हायचं, आणि गॅस बंद केला की नाही, दार ओढलं की नाही, यातच दिवस जायचा. त्यामुळे आमच्याच गावच्या परबदादांनी नागपुरात प्रताप नगरला मालवणी खाणावळ काढली आणि "वर्षभर येशील का?" असं विचारलं, तेव्हा हो म्हणताना मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. तिसऱ्यांदा पळून आले, तर यापुढे मी उंबरठा ओलांडणार नाही. आंब्याच्या पेट्या भरत आणि भावाच्या घरात सगळ्यांच्या मागून जेवत माझा जन्म जाईल. भाऊ बिचारा निघताना म्हणाला, "बाय, नको वाटला तर ये गो. घर काय पळान जाता?" त्याच्या त्या चांगुलपणाचीच मला धास्ती होती.

गाडीतलं सांगत नाही. घावण्यांचा डबा संपला आणि नागपूर आलं.

पुलियावर

दसरा नुकताच झाला होता. आमच्याकडे तेव्हा भातं कापणीला येतात. इथं ऊन असं, की पाऊस पडून गेला होता यावर विश्वास बसेना. खाणावळीच्या वरची खोली मला दिली होती. परबदादांची बायको इथलीच. पहिल्या दिवशी तिनं मला तर्री पोहे खायला घातले. आमच्याकडे पोह्यांत गूळ-खोबरं पडतं, इथं त्यांच्यावर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात. माझे डोळे वाहायला लागले, तेव्हा ती म्हणाली, "चला, रडायचं होतं ते रडून झालं." त्या एका वाक्यासाठी मी तिची जन्माची ऋणी आहे.

गिऱ्हाईकं माणसं गमतीची. बांगड्याची आमटी पुढं ठेवली की विचारायची, "काटे काढून नाही देत का?" सोलकढी बघून, "गुलाबी मठ्ठा आण वं अजून." एक गृहस्थ तर दर रविवारी सुरमईवर तर्री मागायचे. हात कामात असेपर्यंत मी बरी असायची. पण सोमवारी खाणावळ बंद. त्या दिवशी फारसं कुणी मासे खात नाही. सगळं शहर कामाला लागलेलं आणि मी एकटी खोलीत भिंतीला टेकून बसलेली. तिसऱ्या सोमवारी बोटं थरथरायला लागली, ती थांबेनात. परबवहिनींनी मला सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई माझ्या भाचीच्या वयाच्या. गोळ्या लिहून दिल्या, मग माझ्या हातातल्या फोनकडे बघून म्हणाल्या, "याला कॅमेरा आहे ना? दर सोमवारी शहराबाहेर जायचं. एक जागा ठरवायची. तिथूनच, तेवढाच एक फोटो काढायचा. मागच्या सोमवारचा फोटो शेजारी ठेवून बदललेल्या पाच गोष्टी शोधायच्या. पाच सापडेपर्यंत तिथून हलायचं नाही."

"आणि नाही सापडल्या तर?"

"सापडतात."

पुढच्या सोमवारी सीताबर्डीहून काटोल रस्त्याची बस धरली. कंडक्टरनं विचारलं, "कोणतं गाव?" म्हटलं, "जिथं घरं संपतात तिथं सोडा." तो म्हणाला, "बाई, घरं संपतच नाही आता." तरी त्यानं पाऊण तासानं एका पुलियापाशी उतरवलं. रस्त्याखालून नाला जातो, त्यावरचा हा लहानसा पूल. त्याच्या कठड्याशी मी उभी राहिले.

आमच्या मुलखात नजर कुठंतरी अडते. माड येतो, डोंगर येतो, नाहीतर समुद्राची रेघ तरी येते. इथं नजर सोडली की ती जातच राहिली. काळी जमीन, कपाशी, तूर, पुन्हा काळी जमीन. तिच्यामागं आपणही वाहून जाऊ असं वाटून मला गरगरायला लागलं. मग धरायला काहीतरी हवं म्हणून समोरच्या संत्र्याच्या बागेतलं एक झाड धरलं, तारेच्या कुंपणापासून तिसरं. डावा पाय कठड्याच्या फुटलेल्या दगडावर ठेवला आणि फोटो काढला.

"ए बाई! कायचा फोटो काढून राहिली वं?"

कुंपणाच्या आत साठीची एक बाई उभी होती. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर टोपली.

"झाडाचा."

"सर्वेवाली हायेस का? आमच्या वावरातून रस्ता रुंद होऊन राहिला का?"

"नाही हो. असाच काढला."

"असाच कोनी संत्र्याचा फोटो काढते का? मानूस संत्रं तोडून खाते."

म्हटलं, "डॉक्टरनं सांगितलंय."

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कोन्या डॉक्टरनं? दवाई नाही देली?"

"दिली. हेही दिलं."

"बरं बाप्पा. काढ. झाडाचं काय जाते!"

या इंदूबाई. नवरा वारलेला, मुलगा परगावी नोकरीला. दोनशे झाडांची बाग त्या एकट्या बघतात. गुडघे दुखतात म्हणून ओळींमधून फारशा हिंडत नाहीत, विहिरीजवळच्या बाजेवर बसून गड्यांवर हुकूम सोडतात. माहेर उमरेडचं, घरात हातमाग होता. "मी मागावरच वाढली वं," त्या म्हणायच्या. "एक धागा इकडचा तिकडं झाला तं मले दुरून दिसते." ही त्यांची फुशारकी मी तेव्हा फारशी मनावर घेतली नाही.

आमचा सोमवार ठरून गेला. मी अकराच्या बसनं जायची, फोटो काढायची आणि त्यांच्याबरोबर चहा घ्यायची. मग त्या आठवडी बाजाराला निघून जायच्या आणि मी तीनच्या बसपर्यंत बाजेवर बसून पाच गोष्टी शोधायची. पहिल्यांदा दोनच सापडायच्या. पुढं पुढं फळाचा रंग, वाळलेली फांदी, खांबावर नवीन घरटं, नाल्यातलं उतरलेलं पाणी असं एकेक दिसायला लागलं. शोधत असताना छातीतलं गोणपाट कुणी पिळत नसे, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

संत्री उतरवायला घेतली तेव्हा त्यांनी मला डझनभर दिली. त्यांतली काही देठाशी हिरवी होती. मी आंब्याच्या देशातली, खाटेखाली गवत पसरून त्यांची आढी लावली आणि वरून गोणपाटानं झाकली. आठ दिवसांनी खोलीत वास सुटला. उघडून बघते तर निळी बुरशी. इंदूबाई हसून हसून बाजेवरच कलंडल्या. "अवं, संत्रं झाडावरच पिकते. तोडल्यावर ते नुसतं म्हातारं होते!"

बारा बादल्या

आता जे लिहायचं आहे, त्यासाठीच खरं तर हा कागद घेतला.

डिसेंबरात फळं उतरली आणि बागेचं पाणी बंद झालं. ठिबकच्या नळ्या कोरड्या पडल्या. पहिल्या सोमवारी पाच गोष्टींतली एक होती, पानं मरगळली. दुसऱ्या सोमवारी पानं दुमडली. तिसऱ्या सोमवारी सगळी बागच मान टाकल्यासारखी दिसायला लागली, आणि विहिरीत तर पाणी होतं, शेजारचा हौद काठोकाठ भरलेला होता.

मी विचारलं, "पाणी का नाही देत?"

"तान देला हाये. झाड उपाशी राह्यलं तंच फुलते. संक्रांत झाली का पानी सोडतो, मंग पाह्यजो, पांढरं फेक होते." त्या तुरीच्या ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडत होत्या. एक मूठ माझ्या ओंजळीत टाकून म्हणाल्या, "खा. तू कायले सुकून राहिली?"

मी ऐकलं. पटलंही. पण ते माझ्या हातांना काही पटेना.

त्याला कारण आहे. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती पाण्यापायी. बाबांनी सड्यावर हापूसची वीस कलमं लावली होती, दोन ओळी, दहा-दहा. आमचा सडा म्हणजे उघडा कातळ. पहिली तीन वर्षं उन्हाळ्यात प्रत्येक कलमाला कळशीनं पाणी शिंपावं लागतं, नाहीतर ते जळतं. हे काम माझं होतं. विहिरीपासून सड्यापर्यंत दिवसाला वीस खेपा. दुसऱ्या वर्षी ताप येऊन गेला आणि अंगात जोर राहिला नाही. वरच्या ओळीतलं पाचवं कलम मोठ्या दगडाच्या आड होतं, तिथं चढताना पाय लटपटायचे. चार दिवस मी ते सोडून दिलं. संध्याकाळी बाबा विचारायचे, "सगळ्यांका घातलंस?" मी हो म्हणायची. पाचव्या दिवशी ते वाळलेलं दिसलं. बाबा म्हणाले, "उन्हान गेला." मला एक शब्द बोलले नाहीत. त्या खड्ड्यात पुन्हा कलमही लावलं नाही. बाबा गेले, तरी मी खरं काय ते कुणालाच सांगितलेलं नाही.

तर त्या तिसऱ्या सोमवारी इंदूबाई बाजाराला गेल्या. माझं झाड समोर दुमडलेलं. छातीत पिळायला सुरुवात झाली. हौदावर बादली होती. मी उठले आणि बारा बादल्या मोजून त्याच्या आळ्यात ओतल्या. बाकी एकशे नव्व्याण्णव झाडांचं मला काही वाटलं नाही, हे आता लिहिताना लाज वाटते. आमच्याकडे शिंपण झालं की ओल टिकावी म्हणून आळ्यावर पातेरा, म्हणजे वाळका पाला, पसरतात. मीही पाला पसरला. आता ओली माती कुणाला दिसणार नव्हती.

इतक्या दिवसांत मला असं शांत वाटलं नव्हतं. मग मी दर सोमवारी बारा बादल्या ओतत राहिले, संक्रांतीपर्यंत. फोटोही काढत राहिले. पाच गोष्टीही शोधल्या, फक्त हिरव्या पानांची गोष्ट त्यांत धरली नाही.

संक्रांतीनंतर ठिबक सुरू झालं. फेब्रुवारी लागला, बांधाबांधावर पळस पेटला, आणि एका सोमवारी बसमधून उतरले तर पुलियावरच वास आला. गोड आणि जरासा कडवट, गळ्यात उतरणारा. सगळी बाग पांढरी. फक्त कुंपणापासून तिसरं झाड हिरवंगार. त्याला नुसती पालवी, फूल एकही नाही.

इंदूबाई त्याच्याखाली उभ्या होत्या, गुडघ्यांवर हात ठेवून. "वांझ निघालं बाप्पा. मागच्या सालीही कमीच होतं. येत्या सोमवारी मानूस बोलावलं, तोडून टाकतो. जागा कायले अडवाची?"

"तोडणार?"

"मंग काय पूजा करू त्याची?"

तीनच्या बसची वाट न बघता चालायला लागले.

तो आठवडा

बुधवारी पिशवी भरली. गुरुवारी परबदादांना म्हटलं, घरी जाऊन येते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि "तिकिटाचं बघतो" एवढंच म्हणाले. 'जाऊन येते' म्हणजे काय, ते गावातल्या सगळ्यांनाच माहीत आहे. भावाला फोन लावला, वाजायच्या आधीच बंद केला. मी गेले असते तर कुणाला काही कळलं नसतं. झाड तुटलं असतं आणि इंदूबाई म्हणाल्या असत्या, कोकणी बाई यायची बाप्पा, आता येत नाही. इकडेही 'उन्हान गेला' असंच झालं असतं.

रविवारी दुपारची गर्दी ओसरल्यावर ओट्याशी उभी राहून मी फोन उघडला. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे फोटो शेजारी शेजारी लावले. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. बाहेरच्या माणसाला त्यात एक बाग दिसली असती. मला माझ्या बारा बादल्या दिसत होत्या. दर सोमवारी मी स्वतःच्या हातानं साक्ष गोळा करत होते.

सोमवारी पिशवी खोलीतच ठेवली आणि अकराची बस धरली.

तोडायला आलेला माणूस बाजेवर चहा पीत होता, कुऱ्हाड पायाशी. मी इंदूबाईंच्या हातात फोन दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला, बोटानं एकेक फोटो सरकवला. डिसेंबरच्या शेवटच्या सोमवारवर त्या थांबल्या.

"हे एकच काहून हिरवं हाये?"

मी हौदाकडे बघितलं.

"सारे झाडं मान टाकून आहेत अन् हे नवरीवानी उभं. काहून वं?"

"मी पाणी घातलं."

"किती?"

"बारा बादल्या. दर सोमवारी."

चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला. इंदूबाईंनी फोन पदरानं पुसला, का ते त्यांनाच ठाऊक.

"मायबाई!" त्या म्हणाल्या. "मी तुले सांगतलं होतं न? ऐकलं नव्हतं का तू?"

"ऐकलं होतं."

"मंग?"

"राहवलं नाही."

"तुले नाही राहवलं, म्हून मी त्याले कुऱ्हाड लावत होती!" आता त्यांचा आवाज चढला. "पानी पाजून पाजून मारत होती तू त्याले! रोग झाडाले नाही, तुले हाये! अन् पाला कोनी टाकला तिथं?"

"मीच."

"वा! चोर तं चोर, वरून झाडून घेनारी चोर!" त्या माणसाकडे वळल्या. "जा गा, तुयी कुऱ्हाड घेऊन जा. झाड साजरं हाये."

तो गेला. नाल्याकडून वारा आला तसा तो वास आमच्यावरून गेला.

मी म्हटलं, "आता मी येणार नाही. उद्या गावाला जाते."

"कोठी जाते?" त्या ओरडल्याच. "अन् हे कोन निस्तरन? ऐक. चैत्र सरला का याच्या एकट्याचं पानी तोडतो. उन्हाळाभर तान देतो. मृगावर फुलन तं फुलन. तू दर सोमवारी याचं, तिथं पुलियावर उभं राहाचं अन् फोटो काढाचा. बादलीले हात लावाचा नाही. पाह्यजो त्याच्याकडं."

"नाही जमलं तर?"

"करून पाह्यलं कोठी अजून?"

संध्याकाळी मी परबदादांना तिकिटाचं राहू दे म्हटलं. त्यांनी ते काढलंच नव्हतं.

नवतपा

नागपूरचा उन्हाळा सांगून कळायचा नाही. मेच्या शेवटी नऊ दिवस असे येतात, त्यांना नवतपा म्हणतात. तेव्हा रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. आमच्याकडे उन्हात घाम येतो. इथं घाम यायच्या आतच वाळतो, वाऱ्याचा चटका तव्याच्या वाफेसारखा बसतो. ऊन लागू नये म्हणून लोक खिशात कांदा ठेवतात. इंदूबाईंनी माझ्या पिशवीत एक टाकला होता. संध्याकाळी त्याचीच चटणी करायला त्यांनी सांगितलं होतं, वाया कशाला घालवायचा!

बाकीच्या झाडांना ठिबक चालू होतं, बोराएवढी फळं लागली होती. तिसऱ्या झाडाची नळी मुरगळून बांधलेली. पानं आधी दुमडली, मग पिवळी पडली, मग गळायला लागली. जमिनीला भेगा. प्रत्येक सोमवारी मी बदललेल्या पाच गोष्टी मोजायची आणि पाचही वाईट असायच्या. छातीत पिळायला लागलं की पाय आपोआप हौदाकडे वळायचे.

एकदा मी बादली उचलली. इंदूबाई बाजेवर डोळे मिटून पडल्या होत्या, डोळे न उघडताच म्हणाल्या, "उलटी कर."

"काय?"

"बादली उलटी कर अन् बस तिच्यावर."

मी बादली उपडी करून तिच्यावर बसले. हात मांड्यांखाली घेतले. थरथर आली, वाढली, आणि मग, मी काही न करताच, गेली. कितीदा आली आणि कितीदा गेली, मोजलं नाही. झाड होतं तिथंच होतं. एक पान माझ्यासमोर सुटलं आणि वाऱ्यात आडवं जाऊन कुंपणाला अडकलं. मी म्हटलं, हे सहावं.

त्या सगळ्या महिन्यांत माझ्याशी कुणी फार बोललं असं नाही. इंदूबाई निम्मा वेळ झोपलेल्या असायच्या. रस्त्यावरून गाड्या जायच्या, त्यांतल्या एकाही माणसाला मी कोण ते ठाऊक नव्हतं. एवढी एकटी मी आयुष्यात राहिले नव्हते. आणि पळालेही नव्हते.

पाऊस आला त्याचं वर्णन करत नाही, आमच्याकडे त्याहून जास्त येतो. जुलै लागता लागता एका सोमवारी झाडाच्या काड्यांवर पांढरे ठिपके दिसले. मला आधी वाटलं, कीड. इंदूबाई माझा हात धरून ओळीत शिरल्या, गुडघ्यांची पर्वा न करता. फांदी वाकवून माझ्या नाकाशी धरली. "घे. तुयं वांझ."

त्या दिवशी फोटो हलला. हात थरथरत होते, पण गोणपाटाचा त्यात काही संबंध नव्हता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी परबवहिनींनी मला मारबत दाखवायला नेलं. जुन्या शहरात या दिवशी बाईचे थोरले पुतळे वाजतगाजत काढतात आणि गावाबाहेर नेऊन जाळतात. लोक आपापली पीडा तिच्या नावानं ओरडून हाकलतात, कुणी खोकला, कुणी महागाई. वहिनी म्हणाल्या, "ओरडा की तुम्हीही." मला एवढ्या गर्दीत आवाज फुटला नाही. पण ती पुढं गेली तेव्हा मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, पिशवी घेऊन जा गे बाई.

माशांची पेटी

दिवाळी झाल्यावर मी निघाले. वर्ष पुरं झालं होतं, वर महिना. सगळी बाग केशरी झाली होती आणि माझ्या झाडावर मात्र हिरवी, लिंबाहून जराशी मोठी फळं. मृगाची फळं शिमग्याच्या आसपास येतात.

"राहाची तीन महिने," इंदूबाई म्हणाल्या. "खाऊन जायाची."

"नवीन बाई आलीय खाणावळीत. आणि भाऊ वाट बघतो."

"ये मंग. घर हाये तुयं, पळून थोडीच राह्यलं." आणि त्या नाक शिंकरून गड्यावर ओरडायला लागल्या.

आमच्या बंदरातून परबदादांकडे बर्फात मासे जातात, त्यांच्या थर्माकोलच्या पेट्या रिकाम्या परत येतात. परवा, शिमग्याच्या तोंडावर, एक पेटी भरलेली आली. उघडली तर संत्री. बांगड्याच्या वासाची. भावानं ती बघितली आणि थेट आंब्याच्या आढीकडे निघाला. मी त्याला अडवलं. "झाडावर पिकून इली ती. खा तशीच." त्यानं सोललं, हुंगलं, तोंड वाकडं केलं आणि पाच खाल्ली.

काल सोमवार होता. मी सड्यावर गेले. कितीतरी वर्षांनी तिथं उभी राहून नीट बघितलं. कलमं आता थोर झाली आहेत, कैऱ्यांनी वाकली आहेत, खाली खाडी, तिच्यापलीकडे समुद्राची रेघ. डावा पाय एका दगडावर रोवला, फोटो काढला आणि इंदूबाईंना पाठवला. म्हटलं, बघा, आमचा मुलूख.

त्या लिहीत नाहीत, बोलून पाठवतात. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला. मागं कुणीतरी पंप सुरू करत होतं.

"सुनंदे, फोटो साजरा हाये वं. पानी बी दिसून राहिलं दूर. पन वरच्या ओळीत मंधातच एक जागा खाली काहून हाये? धागा तुटल्यावानी दिसते."

मी कातळावर खाली बसले. ऊन चढत होतं. दगड जिथं होता तिथंच होता, खड्डा पातेऱ्यानं भरलेला. छातीत यायचं ते आलं. हात मांड्यांखाली घेऊन मी ते जाईपर्यंत थांबले.

मग फोन उचलला, बटण दाबून धरलं आणि म्हटलं, "इंदूबाई, ते पाचवं कलम. बाबा विचारायचे, सगळ्यांना पाणी घातलंस का, आणि मी हो म्हणायची."